खिडकीकडचा पाय

मेडिकल कॉलेजात त्यांना सगळे पोटरीबाई म्हणतात. तोंडावर 'मॅडम', पाठीमागे पोटरीबाई. त्यांना हे ठाऊक आहे आणि त्यांची तक्रार नाही. त्यांच्या आधीच्या एका प्राध्यापकांना मुलं 'कवटी' म्हणत. त्या मानाने आपलं बरंच बरं, असं त्या म्हणतात.

हे नाव पडलं ते त्यांच्या एका संशोधन-पेपरमुळे. माणसाच्या पोटरीमागून, कातडीच्या जरा खालून, एक मज्जातंतू घोट्याकडे उतरतो. तो काढून घेतला तर पावलाच्या बाहेरच्या कडेला थोडं बधिर वाटतं, बाकी फारसं काही अडत नाही. म्हणून हाताचा किंवा चेहऱ्याचा तुटलेला मज्जातंतू सांधायचा असेल तर सर्जन इथला तुकडा काढून तिथे लावतात. बहुतेक माणसांत हा तंतू दोन मुळांचा बनतो आणि चांगला भरीव असतो. काहींत एकच मूळ असतं. मग हाती लागतो तो दोऱ्यासारखा तंतू, आणि सर्जनला दुसऱ्याही पायावर चीर द्यावी लागते. पोटरीबाईंनी आपल्या गुरूंच्या हाताखाली बरेच देह तपासले आणि लिहिलं, की एकमुळी तंतू डाव्या पायात जास्त सापडतो. सर्जनांना त्यातून एकच ओळ हवी होती: आधी उजवा पाय उघडा. ती ओळ पुढे एका जाडजूड पाठ्यपुस्तकात गेली.

दुसऱ्या संशोधकाने आपल्या लेखात तुमच्या लेखाचा दाखला दिला, की ते तुमचं एक सायटेशन. पोटरीबाईंच्या या पेपरला पंधरा वर्षांत चारशेच्या वर सायटेशन मिळाली. बाकीच्या पेपरांचं म्हणाल तर कवटीच्या तळाची भोकं, मूत्रपिंडाच्या जादा रक्तवाहिन्या, असे वीस-बावीस पेपर आहेत आणि ते सगळे मिळून या एकाच्या गुडघ्यालाही लागत नाहीत. त्यांना स्वतःला सगळ्यात आवडतो तो गर्भाच्या मेंदूवरच्या बारीक शिरांबद्दलचा. त्यात त्यांची चार वर्षं गेली आणि चष्म्याचा नंबर वाढला. त्याला किती सायटेशन, असं कोणी विचारलं की त्या सांगतात, "सहा. त्यातली तीन माझीच."

नोकरीच्या सुरुवातीला हे आकडे कोणी मोजत नसे. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये देह नीट जपला, मुलांना नीट शिकवलं, की माणूस चांगला. मग नियम बदलले. बढतीच्या अर्जाला ठरावीक संख्येने पेपर लागू लागले, ठरावीक सायटेशन लागू लागली, आणि कॉरिडॉरमध्ये माणसं एकमेकांना तब्येत विचारावी तसा आकडा विचारू लागली. पोटरीबाई सहयोगी प्राध्यापक होऊन इतकी वर्षं लोटली होती की त्यांच्या केबिनच्या पाटीवरचा रंग उडाला होता. प्रोफेसरची एक जागा रिकामी होती. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, तेव्हा ही शेवटची संधी, हे त्यांनाही कळत होतं आणि शिपायालाही. मुलाखत पुढच्या वर्षावर आली होती. अर्जात दाखवण्यासारखं वजन एकाच पेपराचं होतं.

अशात विभागाचं म्युझियम वरच्या मजल्यावरून खाली हलवायचं ठरलं.

म्युझियम म्हणजे एक लांब खोली, भिंतीला लाकडी फळ्या, फळ्यांवर काचेच्या बरण्या, आणि बरण्यांत फॉर्मलिनमध्ये ठेवलेले अवयव. हलवताना प्रत्येक बरणी पुसायची, आतलं फॉर्मलिन बदलायचं, नवी चिठ्ठी लावायची. सगळ्यात वरच्या फळीवर मागे ढकललेल्या बरण्यांत पोटरीच्या अभ्यासातले काही पाय होते, गुडघ्याखालून कापलेले, अंगठ्याला पत्र्याचा बिल्ला. पेपर छापून आल्यावर कोणीतरी हौसेने ते जतन करून ठेवले होते आणि नंतर कोणी वर मान करून पाहिलंही नव्हतं. बाईंनी पहिली बरणी उतरवून घेतली, काच पुसली, बिल्ला वाचला. 'डावा'. त्यांनी चिठ्ठीवर 'डावा' लिहिलं आणि बरणी बाजूला सरकवताना पावलाकडे पाहिलं. पाऊल उजवं होतं.

बिल्ला बदलला गेला असेल, असं त्यांना वाटलं. अशा गोष्टी होतात. दुसरी बरणी घेतली. बिल्ला 'उजवा', पाऊल डावं. मग त्यांनी शिडी मागवली आणि त्या फळीवरच्या होत्या नव्हत्या तेवढ्या बरण्या खाली घेतल्या. एकही बिल्ला बरोबर नव्हता. एखाददुसरा बरोबर निघाला असता तर मला बरं वाटलं असतं, असं त्या नंतर म्हणाल्या. सगळेच उलटे निघाले याचा अर्थ घोटाळा बरण्यांत भरताना झालेला नव्हता.

कुठे झाला हे शोधायला त्यांना दूर जावं लागलं नाही. डिसेक्शन हॉल जुना आहे. टेबलं एका रांगेत, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला भिंत. प्रत्येक देहाचं डोकं दाराकडे, आणि देह उताणा. असा निजवला की उजवा हात खिडकीकडे येतो. अटेंडंट, शिक्षक, सगळ्यांनी म्हणून एक सोपी सवय लावून घेतलेली: खिडकीकडचं ते उजवं, भिंतीकडचं ते डावं. बिल्ले त्याच हिशेबाने बांधायचे. त्यानंतर देह कितीही फिरवा, बिल्ला बरोबर जातो. या सवयीने त्या हॉलमध्ये कधीच कोणाला दगा दिला नव्हता.

फक्त पोटरीच्या अभ्यासासाठी बाईंना देह मुलांच्या हाती जाण्याआधी हवे होते, आणि मागून हवे होते. म्हणून ते आल्या आल्या पालथे निजवले गेले. डोकं दाराकडेच. बिल्ले खिडकी बघून बांधले. सुकू नयेत म्हणून पावलं ओल्या फडक्यात गुंडाळलेली, बिल्ला तेवढा बाहेर लोंबता, वर मांड्यांवर फडकी, उघडी तेवढी पोटरी. बाई त्या पोटरीवर महिनोन् महिने वाकून होत्या, तंतू मोजत होत्या, जाडी घेत होत्या, आणि पाय कोणता हे बिल्ल्यावरून उतरवत होत्या. पहिल्या वर्षाच्या मुलाने उजवं-डावं चुकवलं तर त्याला तोंडी परीक्षेत तिथल्या तिथे उठवतात. बाईंनीच अशा कितीतरी मुलांना उठवलं आहे.

त्यांना आणखी एक गोष्ट आठवली आणि ती जास्त लागली. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या देशातल्या एका गटाने हाच अभ्यास केला आणि त्यांना नेमकं उलटं सापडलं: एकमुळी तंतू उजवीकडे जास्त. त्यांनी पोटरीबाईंचा पेपर चुकीचा आहे असं म्हटलं नाही. अदबीने लिहिलं, की हा प्रादेशिक भेद असावा. बाईंनी तो पेपर वर्गात दाखवून मुलांना प्रादेशिक भेद शिकवला होता. शिवाय त्या लेखामुळे त्यांचं एक सायटेशन वाढलं होतं.

विभागप्रमुख त्यांचा एके काळचा विद्यार्थी. अजूनही त्या आत आल्या की अर्धवट उठतो. त्याने सगळं ऐकून घेतलं, दार लोटलं आणि विचारलं, की हे आणखी कोणाला माहीत आहे. कोणालाच नाही, असं कळल्यावर त्याने अर्धा तास समजावलं. पेपर छापणाऱ्या नियतकालिकाला दुरुस्ती पाठवूच नका असं त्याचं म्हणणं नव्हतं. मुलाखत होऊ द्या, मग पाठवा, एवढंच.

"मॅडम, पंधरा वर्षं थांबलंय ते. आणखी आठ महिन्यांनी काय कोणाचा पाय गळून पडणार आहे?"

"पाय नाही गळत. दोन्ही पायांवर चीर पडते."

"एक चीर."

"तुझ्या पायावर घेऊ का?"

तो हसला, पण आपल्या म्हणण्यावरून हटला नाही. त्याचंही खोटं नव्हतं. दुरुस्ती छापून आली की समितीत कोणीतरी 'मागे घेतलेला पेपर' म्हणणार, दुसरा मान हलवणार, आणि दुरुस्ती व मागे घेणं यातला फरक सांगायला बाई त्या खोलीत नसणार. तो म्हणाला, की तुम्हाला प्रोफेसर झालेलं बघायचं माझ्याही मनात आहे. बाई म्हणाल्या, बघू. पायऱ्या उतरताना त्यांना जाणवलं, की मुलाखतीनंतर पाठवायचं हे आपल्या मनात त्याच्या आधीच येऊन गेलं होतं.

घरी त्यांचा नवरा शाळेतून निवृत्त झालेला चित्रकला शिक्षक. पेपरातली आकृती त्याने काढलेली. तीच पुढे पाठ्यपुस्तकात आली, खाली बारीक अक्षरांत त्याच्या नावासकट. आयुष्यभर त्याने मुलांच्या वह्यांत फुलदाण्या तपासल्या; छापून आलेलं हे त्याचं एकच चित्र. बाईंनी सांगितलं तेव्हा तो वर्तमानपत्र वाचत होता, ते त्याने खाली ठेवलं.

"म्हणजे माझं चित्र चुकलं?"

"चित्र बरोबर आहे हो. खाली डावा लिहिलंय, तो उजवा आहे."

"मी दिसलं ते काढलं. डावा-उजवा तू सांगितलंस."

"मीच सांगितलं."

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाला, की मुलाखतीनंतर पाठवलंस तर काय बिघडेल. सगळे तेच विचारतात, असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि कुकर लावला. जेवताना तो विषय निघाला नाही. पुढचा आठवडाभर निघाला नाही. त्या आठवड्यात बाई जमेल तेव्हा आपल्या पेपरचा दाखला देणारे लेख काढून वाचत होत्या. बहुतेकांनी त्यांचा पेपर उघडलाही नव्हता हे लगेच कळत होतं. एकाची छापखान्याची चूक दुसऱ्याने तशीच उचललेली, तिसऱ्याने दुसऱ्याची. एकाने तर लिहिलं होतं की या बाईंनी लहान मुलांचे पाय तपासले. पण मधेच सर्जनांचे चार-पाच लेख लागले, ज्यांनी खरोखर वाचून उजवा पाय निवडला होता आणि पुन्हा डाव्याला हात घालावा लागला म्हणून हळहळ व्यक्त केली होती. अपेक्षेपेक्षा जास्त वेळा असं झालं, असं एकाने लिहिलं होतं. दोष त्याने आपल्या रुग्णांच्या शरीराला दिला होता.

त्या रविवारी बाई सरांकडे गेल्या. सर म्हणजे त्यांचे गुरू, पेपरावरचं दुसरं नाव. दुरुस्तीवर दोघांच्या सह्या लागणार होत्या. सर आता मुलाकडे राहतात, बाल्कनीत उशी घातलेल्या खुर्चीत बसतात. हात कापतो, कान शाबूत आहेत. सूनबाईंनी चहा आणून ठेवला आणि सांगितलं, की बाबांना फार बोलायला लावू नका. सर म्हणाले, ती बोलणार आहे, मी ऐकणार आहे, तू जा.

बाईंनी सांगितलं. सांगून झाल्यावर सरांनी आपला उजवा हात बाल्कनीच्या टेबलावर उताणा ठेवला. अंगठा रस्त्याकडे होता. मग हात पालथा केला. अंगठा घराकडे आला. त्यांनी ते पुन्हा एकदा केलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"पालथे निजवा असं मी सांगितलं होतं की तू?"

"तुम्ही. पण बिल्ले माझ्या देखत बांधले."

सरांनी चहा संपवला. कपाचा आवाज होऊ नये म्हणून त्यांना तो दोन्ही हातांनी खाली ठेवावा लागतो. मग म्हणाले, "पाठव. पेपरावर माझं नाव शेवटी होतं, यावर पहिलं घाल."

बाई म्हणाल्या, की नियतकालिक नावांचा क्रम बदलू देत नाही.

"म्हणजे चूकसुद्धा तुझीच," सर म्हणाले, आणि सही करायला पेन मागितलं. सही तिसऱ्या खेपेला जमली. निघताना त्यांनी विचारलं, की तुझी मुलाखत कधी आहे. बाईंनी सांगितल्यावर त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि परत बाईंकडे. थांबवायचं असतं तर तो क्षण होता. त्यांनी थांबवलं नाही, आणि बाईंनीही कागद पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या लेक्चरच्या आधी दुरुस्ती गेली.

नियतकालिकाने आधी पोच दिली, मग बरेच दिवस काही कळवलं नाही, मग बरण्यांचे फोटो मागवले, मग हॉलचा नकाशा. नकाशा नवऱ्याने काढून दिला. दार, खिडक्या, टेबलं, पालथ्या देहाची बाह्यरेषा, सगळं मोजून. त्यावर नाव घालू का, असं बाईंनी विचारलं तर म्हणाला, राहू दे. शेवटी अर्धं पान छापून आलं, अंकाच्या अगदी मागे. बाईंनी ते त्या सर्जनांना एकेक पत्र लिहून पाठवलं, पाठ्यपुस्तकाच्या प्रकाशकालाही पाठवलं. दोन सर्जनांनी आभार मानले. प्रकाशकाने कळवलं, की पुढच्या आवृत्तीच्या वेळी विचार होईल. मूळ पेपरचं सायटेशन या काळातही वाढत राहिलं, डावा तसाच डावा ठेवून.

मग मुलाखतीचा अर्ज भरायची वेळ आली. यादी आता हाताने करायची नसते. कॉम्प्युटर सगळीकडून गोळा करून तयार करतो, आपण फक्त सही करायची. यादी बघून बाईंना दोन गोष्टी कळल्या. त्यांचा एक जुना पेपर ज्या नियतकालिकात होता ते मान्य यादीतून गेलं होतं, तेव्हा त्यांचा एक पेपर कमी झाला होता. आणि तरीही त्यांची संख्या पुरेपूर भरत होती, कारण ती अर्ध्या पानाची दुरुस्ती नवा पेपर म्हणून धरली गेली होती.

त्या कार्यालयात गेल्या. हेडक्लार्क बाई त्यांच्याच वयाच्या, दोघी एकाच सुमारास नोकरीला लागलेल्या, त्यामुळे एकमेकींना अगं-तुगं.

"ही ओळ काढ. हा पेपर नाही, दुरुस्ती आहे."

"छापून आलंय ना? नंबर आहे ना त्याला?"

"आहे."

"मग पेपर. काढली तर तू एकाने कमी पडशील, कळतंय का तुला?"

"कळतंय म्हणूनच सांगतेय."

"अगं, लोक इथे येऊन एक ओळ घाल म्हणून पाया पडतात. काढ म्हणून आलेली तू पहिली." तिने चष्मा वर केला. "मला काढता येत नाही. मशीन घेतं. तुला खोडायची तर पेनाने खोड, मी काही बोलणार नाही."

बाईंनी तिथेच उभ्याने ओळ खोडली, समासात 'दुरुस्ती, लेख नव्हे' असं लिहिलं आणि सही केली. त्यामुळे फार मोठं काही केल्यासारखं वाटलं नाही, असं त्या सांगतात. पाय दुखत होते, बसायला खुर्ची नव्हती. घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, की दुरुस्ती पाठवलीस ते ठीक, ओळ तरी ठेवायची होतीस, ती काही तू चोरलेली नव्हती.

मुलाखतीला समितीत पाच जण होते. अध्यक्षांच्या हातातली यादी कोरी करकरीत होती. कॉम्प्युटरवरून नव्याने काढलेली, खोडलेली ओळ परत जागेवर. अध्यक्षांनी चारशेच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि कौतुकाने म्हणाले, की शरीररचनेत एवढी सायटेशन सहसा दिसत नाहीत. बाईंनी सांगितलं, की त्या पेपरचा निष्कर्ष उलटा आहे. डावं ते उजवं आहे. आणि यादीतली शेवटची ओळ म्हणजे त्याच चुकीची दुरुस्ती, ती पेपर म्हणून धरू नये.

एका सभासदाने यादी उलटून पाहिली, मागे कोरी होती.

"पेपर मागे घेतलाय का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. दुरुस्त केलाय."

"मग आकडा कमी होतो का?"

"नाही. वाढलाय."

"मग आपण पुढे जाऊ," अध्यक्ष म्हणाले. पुढचा प्रश्न विभागात नवीन प्रोजेक्टर कधी बसणार याबद्दल होता. शेवटच्या ओळीचं काय, असं बाईंनी उठताना पुन्हा विचारलं. कॉम्प्युटरच्या यादीत समिती हात घालत नाही, असं उत्तर मिळालं.

ऑर्डर निघाली तेव्हा बाई वर्गात होत्या. विभागप्रमुखाने स्वतः येऊन दारातून सांगितलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मान हलवली आणि फळ्यावरचं खांद्याचं चित्र पूर्ण केलं. सरांना फोन केला. सर म्हणाले, चूक पंधरा वर्षं वाढवली की प्रोफेसर होतो, हे मला आधी माहीत असतं तर मीही एखादी केली असती. बाई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या, असं नवरा सांगतो.

प्रोफेसरकडे एक जादा काम असतं. विभागातल्या सगळ्यांच्या पेपरांच्या याद्या वर्षाच्या शेवटी तपासायच्या आणि 'खात्री केली' या शब्दांखाली सही करायची. नव्या केबिनमधल्या पहिल्याच दिवशी तो गठ्ठा टेबलावर आला. सोबत एक लेक्चरर, दोन मुलांची आई, घड्याळाकडे बघत उभी. तिची यादी सगळ्यांत वर होती. बाईंनी यादीतला पहिला पेपर मागवला.

"मॅडम, फक्त सही हवी होती."

"बस ना. वाचून देते."

"सगळे वाचणार?"

"बघू."

ती बसली. बाईंनी पहिला पेपर वाचला, मणक्यांच्या मापांवरचा, नीट केलेला होता. दुसरा वाचला. तिसऱ्याच्या कोष्टकांशी त्यांनी पेन्सिल ठेवली आणि डोळे चोळले. लेक्चररने मोबाईल काढला, शाळेच्या बसला कोणीतरी थांबावं म्हणून हळू आवाजात सांगितलं, आणि मोबाईल परत ठेवला. खाली अजून सगळा गठ्ठा तसाच होता. बाईंनी तिच्या यादीवर सही केली, तिला जा म्हणाल्या, आणि दुसरी यादी ओढली. तिच्यातला एक पेपर वाचला. त्यापुढच्या याद्यांतला एकही नाही.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, प्रोफेसरबाईंनी आज काय केलं. त्या म्हणाल्या, सह्या केल्या. चपला काढल्या, पाय वर घेतले आणि सोफ्यावर आडव्या झाल्या.